लंडनच्या भुयारी रेल्वेची बंद दारं: आत काय आहे?

पाटीवाचक

लंडनला निघालेल्यांचे धागे इथे सारखे येतात आणि सल्लेही तेच ते: टॉवर ब्रिज, म्युझियमं, नदीकाठचं ते मोठं चाक. म्हणून आज जरा जमिनीखालचं लिहितो. तिथल्या भुयारी रेल्वेत कायमची बंद झालेली स्टेशनं बरीच आहेत, आणि चालू स्टेशनांतही कुलूप लागलेले भाग आहेत. त्यांतले काही भाग लंडन ट्रान्सपोर्ट म्युझियम 'हिडन लंडन' या नावाने तिकीट लावून दाखवतं. जमेल तशा मी त्यांच्या सहली केल्या आहेत.

या जागांबद्दल 'भुताटकी', 'थांबलेला काळ' असल्या मथळ्यांखाली भरपूर लिहिलं जातं. मला त्यात फारसा रस नाही. यातली प्रत्येक जागा कुठल्या ना कुठल्या रोखठोक व्यवहारी कारणाने बंद झाली आहे, आणि तिथे उभं राहिलं की बहुतेक वेळा ते कारण समोर दिसतं. मला खरी गंमत त्यात वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात. पहिली भुयारी गाडी धावली १० जानेवारी १८६३ रोजी, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, वाफेच्या इंजिनावर. रस्ता खणायचा, रूळ टाकायचे आणि वरून छत घालून पुन्हा रस्ता करायचा, अशी ती पद्धत. खोलवरचे गोल बोगदे आणि विजेच्या गाड्या १८९० मध्ये आल्या. मग १९०६-०७ मध्ये शहराच्या पोटात एकदम तीन खोल मार्ग सुरू झाले. त्यामागे चार्ल्स यर्क्स या अमेरिकन भांडवलदाराची कंपनी होती. मार्ग सुरू झालेले बघायला तो स्वतः राहिला नाही, १९०५ च्या डिसेंबरातच वारला. स्टेशनं आखणारा वास्तुविशारद लेस्ली ग्रीनही १९०८ मध्ये गेला, वय अवघं ३३. पण त्याची ती गडद तांबड्या, चकचकीत फरशांची दर्शनी बाजू आजही लांबून ओळखू येते. आत पोलादी सांगाडा आणि वर सपाट छप्पर, कारण पुढेमागे वर ऑफिसांचे मजले चढवून भाडं मिळवायचं होतं. फलाटावरच्या फरशांची नक्षी आणि रंग मात्र प्रत्येक स्टेशनला वेगळे.

आता ऑल्डविच. सगळ्यात प्रसिद्ध आणि माझंही सगळ्यात आवडतं. ३० नोव्हेंबर १९०७ ला सुरू झालं तेव्हा नाव होतं 'स्ट्रँड', १९१५ मध्ये 'ऑल्डविच' झालं. बाहेरच्या भिंतीवर जुनंच नाव आहे, त्यामुळे आधी माहिती नसेल तर माणूस नकाशावर 'स्ट्रँड' शोधत बसतो. होबर्नहून निघालेला हा एका स्टेशनाचा फाटा. पुढे वॉटर्लूपर्यंत नेऊ असं बरेचदा ठरलं, अगदी १९६५ मध्ये संसदेची मंजुरीही मिळाली, पण पैसे काही मिळाले नाहीत. स्टेशन मात्र मोठ्या गर्दीच्या हिशेबाने खणून ठेवलं होतं. लिफ्टचा एक अख्खा खड्डा असा आहे की त्यात लिफ्ट कधी बसलीच नाही. दोन फलाटांपैकी एक १९१४ मध्येच बंद केला. म्हणजे स्टेशन चालू असताना ऐंशी वर्षं एक फलाट भिंतीपलीकडे दडलेला होता आणि रोजच्या प्रवाशालाही त्याचा पत्ता नसणार.

त्या बंद फलाटाशेजारचे रूळ नीट बघा. लंडनच्या खोल स्टेशनांत रुळांच्या मधोमध एक खोल चर असते. कोणी गाडीखाली पडलं तर वाचण्याची शक्यता वाढावी म्हणून ती आहे. इथे चर नाही. रूळ, त्याखालचे विजेचे जुने इन्सुलेटर, सगळं मूळचं. पहिल्या महायुद्धात इथे नॅशनल गॅलरीतली चित्रं ठेवली होती. दुसऱ्या महायुद्धात हा फाटाच बंद ठेवून बोगद्यात ब्रिटिश म्युझियमच्या वस्तू ठेवल्या, त्यात पार्थेनॉनची शिल्पंसुद्धा, आणि बाकी भागात बॉम्बहल्ल्यांपासून आसरा घ्यायला माणसं. पुढे याच फलाटाच्या भिंतींवर दुसऱ्या स्टेशनांसाठीच्या फरशांचे नमुने लावून बघायचे, त्यामुळे तिथे चार पावलांवर भिंत बदलते. गाईड युद्धाबद्दल बोलत होता आणि मी ते नमुने बघण्यात मागे राहिलो. शेवटी मला हाक मारावी लागली.

आणि हे स्टेशन मेलं कशाने? लिफ्टने. १९०७ च्या लिफ्ट बदलायला सुमारे तीस लाख पौंड लागणार होते आणि दिवसाला प्रवासी होते साडेचारशेच्या आसपास. ३० सप्टेंबर १९९४ ला दार लागलं. त्या लिफ्ट वर तिकीटखिडकीजवळ अजून उभ्या आहेत, लाकडी, मजबूत. आपण अर्थात जिन्याने उतरायचं, सुमारे २८ मीटर.

यूस्टनची सहल अगदी वेगळी, कारण ते स्टेशन चालू आहे. गर्दीतून चालता चालता गाईड एक साधं करडं दार उघडतो आणि आपण आत. १९०७ मध्ये इथे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांची वेगवेगळी स्टेशनं होती. जमिनीखाली त्यांना जोडणारा रस्ता होता आणि त्या रस्त्यातच एक छोटी तिकीटखिडकी, म्हणजे एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसरीच्या गाडीत चढायचं तर तिकीट तिथेच खाली घ्यायचं. ती खिडकी आहे अजून. व्हिक्टोरिया मार्गाच्या कामासाठी १९६२ मध्ये हे रस्ते बंद झाले आणि भिंतीवरच्या जाहिराती काढायची तसदी कोणी घेतली नाही. आज त्या फाटलेल्या, फुगलेल्या, काही ठिकाणी थरावर थर अशा दिसतात. खालच्या थराचं एक अक्षर, वरच्या थरातला अर्धा चेहरा. हात लावायचा नाही हे तीनदा बजावून सांगतात. पुढे बोगद्यात जमिनीला जाळी आहे आणि जाळीतून खाली चालू फलाट दिसतो. खालची माणसं मोबाइलमध्ये, वर कोणी बघत नाही.

चेरिंग क्रॉसचे ज्युबिली मार्गाचे फलाट १९७९ ते १९९९ एवढेच वापरात होते. मार्ग पुढे वॉटर्लूकडून नेला आणि हे बाजूला पडले. आता तिथे सिनेमांचं चित्रीकरण चालतं. फलाटापेक्षा मला ट्रफाल्गर चौकाखालचा बांधकामाचा बोगदा जास्त आवडला, ओबडधोबड, रंग नाही, फरशी नाही.

व्यवहाराचं: तिकिटं स्वस्त नाहीत आणि पटकन संपतात. पायात बंद बूट हवेत. लहान मुलांना घेत नाहीत, वयाची अट आधी वाचा. ट्रायपॉड चालत नाही.

---

तिरपीट

वा! वाचताना खाली उतरल्यासारखं वाटलं. दोन प्रश्न. माझ्या सासूबाईंना अशा गोष्टींची फार हौस, पण गुडघे साथ देत नाहीत. त्यांना यातलं काय जमेल? आणि मला स्वतःला बंद जागेत घाबरायला होतं, तर कितपत अवघड?

पाटीवाचक

@तिरपीट, सासूबाईंसाठी ऑल्डविच नकोच, जाताना जिना आणि येताना तोच जिना. म्युझियमच्या ऑनलाइन सहलीही असतात, घरबसल्या गाईड फोटो आणि जुने नकाशे दाखवत बोलतो. त्या खरंच चांगल्या असतात, कारण जिथे माणसांना नेता येत नाही त्या जागाही त्यात दाखवतात. तुमच्यासाठी चेरिंग क्रॉस बरं. फलाट प्रशस्त आहेत, उजेड भरपूर. डाऊन स्ट्रीट मात्र अजिबात नको, त्याच्या खोल्या चिंचोळ्या आहेत.

आजोळ

डाऊन स्ट्रीटचा नुसता उल्लेख करून सोडता? तेच तर खरं प्रकरण! मूळ लेखात हवं होतं.

मी लिहिते. मेफेअरसारख्या श्रीमंत वस्तीत १९०७ मध्ये हे स्टेशन काढलं. बंगल्यात राहणारी माणसं भुयारी गाडीने कशाला जातील? त्यात आजूबाजूची स्टेशनं हाकेच्या अंतरावर. १९३२ मध्ये बंद. युद्ध आलं तेव्हा देशातल्या चार मोठ्या रेल्वे कंपन्यांचा कारभार एकत्र चालवणाऱ्या समितीला बॉम्बपासून सुरक्षित ऑफिस हवं होतं, त्यांनी हे घेतलं. फलाटाच्या कडेला भिंत घातली, आत ऑफिसं, झोपायच्या खोल्या, जेवणघर, टेलिफोन एक्सचेंज. भिंतीपलीकडून पिकॅडिली मार्गाच्या गाड्या धडधडत जायच्या आणि अलीकडे माणसं गाड्यांची वेळापत्रकं लावत बसायची. फलाटाचा एक छोटा तुकडा मोकळा ठेवला होता. वरिष्ठांना कुठे जायचं असेल तर सिग्नल देऊन गाडी थांबवायची आणि चालकाच्या केबिनमध्ये चढायचं. १९४० च्या अखेरीस चर्चिलही इथे आसऱ्याला येत असत, कारण त्यांचे स्वतःचे तळघरातले युद्धकक्ष तेव्हा पुरेसे मजबूत नव्हते.

न्हाणीघरं अजून आहेत. गंजलेले नळ, काळवंडलेला टब. इतक्या मोठ्या इतिहासात माझ्या डोक्यात राहिला तो टब.

पाटीवाचक

@आजोळ, म्हणूनच सोडलं होतं. कोणीतरी माझ्यापेक्षा चांगलं लिहील याची खात्री होती :)

रात्रपाळी

बोगद्यात हवा खेळती ठेवण्याच्या कामाशी माझा संबंध येतो (लंडनमध्ये नाही), म्हणून थोडी भर घालतो.

बंद स्टेशनात उभं असताना गाडी दिसायच्या आधी अंगावर वारा येतो, ते 'काहीतरी जाणवलं' म्हणणाऱ्यांचं सगळ्यात मोठं कारण. खोल बोगदा आणि गाडी यांच्यात जागा अगदी थोडी असते. सायकलच्या पंपातल्या दट्ट्यासारखी गाडी पुढची हवा ढकलत आणते आणि मागे ओढून घेते. दारं, जुने जिने, लिफ्टचे रिकामे खड्डे, जिथे वाट मिळेल तिथून ती हवा निघते. म्हणून दार आपोआप हलतं, कागद उडतो, आणि लांबून कोणी सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येतो.

दुसरं, हे बंद भाग बेकार पडलेले नाहीत. लिफ्टचे जुने खड्डे हवा आत-बाहेर करायला सोयीचे. बोगदे खणले तेव्हा भोवतालची चिकणमाती १४ अंशांच्या आसपास होती आणि कंपन्या उन्हाळ्यात गारवा म्हणून भुयारी गाडीची जाहिरात करत. शंभर वर्षं ब्रेकची आणि मोटारींची उष्णता त्या मातीत मुरली, आता ती काही ठिकाणी २५ अंशांच्या पुढे आहे. उन्हाळ्यात त्या खोल मार्गांवर जीव नकोसा होतो तो यामुळे. त्यामुळे एखादं बंद स्टेशन 'पुन्हा सुरू करा' म्हणणाऱ्यांनी आधी बघावं की त्याच्या पोटातून शेजारच्या स्टेशनाची हवा जातेय का.

शंकासुर

मी लंडनमध्येच राहतो आणि अजून एकाही सहलीला गेलेलो नाही, मुद्दाम. सार्वजनिक पैशाने बांधलेली, निदान सार्वजनिक झालेली जागा, ती बघायला एवढे पैसे आणि तिकीट मिळवायला संगणकासमोर ठाण मांडून बसायचं? एखादं स्टेशन कायमचं म्युझियम करून खुलं करा की. सगळं जपून ठेवायचं आणि मोजक्या लोकांना मोजून दाखवायचं, हे काही पटत नाही.

गल्लीबोळ

@शंकासुर, माद्रिदने नेमकं तेच केलं आहे. तिथलं चांबेरी स्टेशन १९१९ मध्ये माद्रिदच्या पहिल्याच मार्गाबरोबर सुरू झालं आणि १९६६ मध्ये बंद झालं. कारण पाटीवाचक म्हणतात तसं अगदी व्यवहारी: गाड्या चार डब्यांच्या सहा डब्यांच्या केल्या, फलाट वळणावर असल्यामुळे लांबवता येईना, आणि शेजारची स्टेशनं जवळच होती. २००८ मध्ये ते म्युझियम म्हणून उघडलं. तिथल्या भिंतीवरच्या जाहिराती कागदाच्या नाहीत, रंगीत फरशांच्या आहेत. नंतर त्यांच्यावर कागदी जाहिराती चिकटवल्या गेल्या आणि त्या कागदाखाली फरशा शाबूत राहिल्या. फलाटाला काच लावली आहे आणि काचेपलीकडून आजही गाड्या जातात.

न्यूयॉर्कचं सिटी हॉल स्टेशन मात्र लंडनच्याच वळणाचं. १९०४ मध्ये पहिल्या मार्गाचं मानाचं स्टेशन, फरशांच्या कमानी, वरून उजेड यायला काचेची झरोके. १९४५ च्या शेवटच्या दिवशी बंद. तिथेही वळणच आडवं आलं: नव्या लांब डब्यांची दारं आणि फलाट यांच्यात मोठी फट पडायची. तिथली सहल ट्रान्झिट म्युझियमच्या सभासदांनाच मिळते. पण ६ क्रमांकाची गाडी शेवटच्या थांब्यानंतर त्याच स्टेशनातून वळसा घेते, आत बसून राहिलात तर खिडकीतून दिसतं.

पाटीवाचक

@शंकासुर, पैशाबद्दल तुमचं म्हणणं मला मान्य आहे, मलाही ते जास्त वाटतात. पण ऑल्डविच रोज उघडणं सोपं नाही. १८ नोव्हेंबर १९८७ ला किंग्ज क्रॉसला लाकडी सरकत्या जिन्याखाली आग लागली, ३१ माणसं गेली. जिन्याखाली साचलेलं वंगण आणि कचरा, त्यात पडलेली पेटती काडी. त्यानंतर जमिनीखालच्या स्टेशनांसाठी आगीचे नियम फार कडक झाले. बाहेर पडायला एकच गोल जिना असलेल्या जागेत किती लोकांना सोडायचं, हा हिशेब त्यामुळे कायम आखडताच राहणार. चांबेरी फार खोल नाही, तिथे ते जमलं.

उंबरठा

धागा छान आहे, पण युद्धातल्या आसऱ्याबद्दल लिहिताना एक गोष्ट नेहमी राहून जाते. 'लंडनकर हसतखेळत भुयारात झोपले' हे अर्धंच चित्र आहे. सुरुवातीला सरकारला लोकांनी स्टेशनांत आसरा घ्यायलाच नको होता. लोकांनी सगळ्यात स्वस्त तिकीट काढलं, खाली गेले आणि वर आलेच नाहीत, तेव्हा कुठे परवानगी मिळाली. १९४० च्या सप्टेंबर अखेरीस एका रात्री १,७७,००० माणसं खाली होती. शौचालयं अपुरी, उवा, खरूज, आणि बोगद्यातले डास.

आणि खाली गेलं की सुरक्षित, असंही नव्हतं. १४ ऑक्टोबर १९४० ला बॅलमला बॉम्बने वरचा रस्ता आणि पाण्याच्या वाहिन्या फुटून साठाहून अधिक माणसं मेली. ३ मार्च १९४३ ला बेथनल ग्रीनला तर बॉम्ब पडलाच नाही. भोंगा झाला, लोक जिना उतरू लागले, जवळच्या बागेतून नव्या विमानविरोधी अग्निबाणांचा प्रचंड आवाज झाला. ओल्या, अंधाऱ्या जिन्यावर एक बाई पडली आणि तिच्यावर माणसं पडत गेली. १७३ मृत्यू, त्यात ६२ मुलं. जिन्याला मधे कठडा नव्हता. ते स्टेशन तेव्हा रेल्वेसाठी सुरूही झालं नव्हतं. आज तिथे स्मारक आहे आणि त्याला तिकीट लागत नाही. ज्यांना सहलीचं तिकीट मिळणार नाही त्यांनी तिथे तरी जाऊन यावं.

आजोळ

+१ उंबरठा. याच अनुभवांतून पुढे खास आसऱ्यासाठी खोल बोगदे खणले, आठ ठिकाणी, प्रत्येकी आठ हजार माणसांची सोय. क्लॅपम साउथचा आतून दाखवतात. तयार झाला १९४२ मध्ये, पण सामान्य लोकांना उघडला १९४४ मध्ये, उडते बॉम्ब सुरू झाल्यावर. माणसांनी वाट चुकू नये म्हणून आतल्या भागांना आरमारी सेनापतींची नावं दिली आहेत, अक्षरक्रमाने. झोपायच्या बाकांच्या चौकटी अजून आहेत.

१९४८ मध्ये 'एम्पायर विंडरश' जहाजाने कॅरिबियनमधून आलेल्यांपैकी ज्यांची राहायची सोय नव्हती अशा दोनशेहून जास्त लोकांना याच बोगद्यात ठेवलं होतं. काम शोधायला जवळचं सरकारी कचेरीचं ठिकाण ब्रिक्स्टन, म्हणून ते तिकडे गेले आणि तिथेच वस्ती झाली. मोठमोठ्या योजनांपेक्षा 'जवळचं काय' यावर किती ठरतं!

मधली सुट्टी

फुकट्यांसाठी माझी भर :) सहल न करता, नेहमीच्या तिकिटावर, चालत्या गाडीतून दिसणारी स्टेशनं:

पिकॅडिली मार्गावर ग्रीन पार्क ते हाइड पार्क कॉर्नर: डाऊन स्ट्रीट. बोगद्याची काळी भिंत संपून मधेच विटांची सपाट भिंत येते, ती युद्धातली. त्याच मार्गावर नाइट्सब्रिज ते साउथ केन्सिंग्टन: ब्रॉम्प्टन रोड, १९३४ मध्ये बंद. पुढे किंग्ज क्रॉस ते कॅलिडोनियन रोड: यॉर्क रोड, १९३२ मध्ये बंद. सेंट्रल मार्गावर होबर्न ते टॉटनम कोर्ट रोड: ब्रिटिश म्युझियम. होबर्नलाच सेंट्रलचा फलाट केला आणि हे १९३३ मध्ये मिटलं.

डब्यातल्या दिव्यांमुळे काचेत स्वतःचं तोंडच दिसतं. दोन्ही हातांचा आडोसा करून काचेला अगदी चिकटायचं, आणि नजर एका जागी ठेवायची, गाडीबरोबर फिरवायची नाही.

तिरपीट

हे सासूबाईंना जमण्यासारखं आहे! पाटीवाचक, चेरिंग क्रॉसचं तिकीट बघते आता.

शंकासुर

मधली सुट्टी, तुमचं ऐकून काल डाऊन स्ट्रीटसाठी काचेला नाक लावून, हातांचा आडोसा करून बसलो. शेजारच्या बाई उठून दुसरीकडे जाऊन बसल्या. विटा दिसल्या मात्र.